पनवेल-उरण परिसरातील कातकरी : एका जमातीच्या अलगपणाचा इतिहास

बाह्य जगापासून अलग राहिलेल्या आदिम जमातींचा विषय निघाला म्हणजे अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः अंदमानच्या समुद्राकडे वळते. उत्तर सेंटिनल बेटावरील लोकांनी परक्याचे पाऊल आपल्या किनाऱ्यास लागू न देण्याचा जो निश्चय आजवर पाळला आहे, तो अशा विचारात नेहमीच दाखला म्हणून पुढे येतो. १८८० साली मॉरिस पोर्टमन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या बेटावरून एक वृद्ध जोडपे व चार मुले पकडून पोर्ट ब्लेअरला नेली. जोडपे तेथे मरण पावले आणि मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आले. १९५६ साली भारत सरकारने अंदमान-निकोबारमधील आदिम जमातींच्या संरक्षणाचे विनियम केले. १९९१ च्या जानेवारीत मानववंशशास्त्रज्ञांच्या पथकाच्या हातून बेटवासीयांनी नारळ स्वीकारले. पुढे शासनाने असे संपर्क थांबविले, आणि २०१८ साली चोरून बेटावर उतरलेला एक अमेरिकन धर्मप्रचारक तेथे मारला गेला. हा सर्व वृत्तांत चित्तवेधक असला, तरी त्याने एक गैरसमजही दृढ होतो. अलगपणा ही जमातीची मूळ स्थिती असते आणि बाहेरचे जग तीत मागाहून शिरते, असे त्यावरून वाटू लागते. महाराष्ट्राच्या बाबतीत हा क्रम पुष्कळदा उलटा आहे, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबईच्या खाडीपलीकडे, आज नवी मुंबई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात व त्याच्या सीमेवर मिळते. ते कातकऱ्यांचे होय.

पारसिकच्या डोंगरापासून खारघर, कर्नाळा, प्रबळगड आणि माथेरान ह्या डोंगररांगांच्या पायथ्यापर्यंतचा मुलूख कधीही दुर्गम नव्हता. पनवेल हे खाडीवरील जुने बंदर; घाटावरचा माल बोरघाटाने उतरून येथून मुंबईस जाई. उरणच्या मोरा बंदरातून मुंबई समोर दिसते. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनी माथेरानचा ‘शोध’ लावला, असे इंग्रजी ग्रंथांतून सांगितले जाते. वस्तुतः त्या डोंगराच्या वाटा ठाकर, कातकरी आणि धनगर ह्यांच्या रोजच्या पायाखालच्या होत्या. साहेबास त्या ठाऊक नव्हत्या इतकेच. शोधणाऱ्याच्या अज्ञानालाच शोधिलेल्याचा एकांत समजण्याची ही पद्धत ह्या विषयाच्या इतिहासात वारंवार आढळते.

कातकरी अथवा काथोडी ह्या जमातीचे नावच मुळी एका बाजारी पदार्थावरून पडलेले आहे. खैराच्या झाडाची बाहेरची पांढरी साल व लाकूड काढून टाकून आतील तांबड्या गाभ्याचे तुकडे करावयाचे, ते मडक्यांत पाण्यासह उकळावयाचे, अर्क उतरला म्हणजे तो पुनः आटवून दाट करावयाचा आणि वाळवून त्याच्या वड्या पाडावयाच्या, हा त्यांचा धंदा. पावसाळा संपला की कुटुंबेच्या कुटुंबे रानात जाऊन झोपड्या घालीत आणि खैर सापडेल तेथे कातभट्ट्या लावीत. जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्याने वारली व काथोडी ह्यांच्याविषयी लिहिलेला वृत्तांत १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोड सुरू करण्यापूर्वी झाडाची शेंदूर-नारळाने पूजा करण्याचा त्यांचा रिवाज त्यात नोंदलेला आहे. विल्सनची दृष्टी धर्मप्रचारकाची होती हे खरे. तथापि ज्या लोकांबद्दल मराठी कागदपत्रांत फार थोडे सापडते, त्यांच्याविषयी इतक्या लवकरचे दुसरे विस्तृत वर्णन क्वचितच मिळेल.

ह्या धंद्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. कात हा विड्याचा जिन्नस. रंगकामास व कातडी कमावण्यासही तो लागे. रानात एकाकी राहणाऱ्या माणसास त्याचा उपयोग फार थोडा. म्हणजे ज्या जमातीला पुढे ‘रानटी’, ‘वन्य’ आणि ‘अलग’ ही विशेषणे लागली, तिचे वर्षातील निम्मे श्रम खाडीकाठच्या बाजारपेठांसाठीच खर्ची पडत होते. व्यापारी माल उचलीत आणि मोबदला बहुधा धान्य, कापड अशा रूपाने देत. ह्या व्यवहारात कातकऱ्याची बाजू दुबळीच असे. पण खैर त्याचा, रान त्याचे आणि कसब त्याचे, ही तीन बळे त्याच्याजवळ होती. कातकऱ्यास पटले नाही तर तो दुसऱ्या रानात आणि दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊ शके.

१८८० नंतर प्रसिद्ध झालेल्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत कातकऱ्यांचे तपशीलवार वर्णन येते. पनवेल त्या सुमारास ठाणे जिल्ह्यात मोडत होते. आठावर, ढोर, सिधी, सोन आणि वारप असे पाच भेद ठाण्याच्या ग्रंथात दिलेले आहेत. पैकी सोन व ढोर हे दोन आजही ओळखले जातात. रामाच्या सैन्यातील वानरांपासून आपली उत्पत्ती झाली, ही त्यांची समजूतही तेथे नोंदली आहे. कंदमुळे, ससे, उंदीर, नदीओढ्यांतील मासे ह्यांवर त्यांची पावसाळ्यानंतरची गुजराण चाले, नाचणी-वरीची थोडी लागवड असे आणि मोळ्या विकणे हे बायकांचे नित्याचे काम होते. ह्याच पानांवर त्यांना आळशी, मद्यासक्त आणि चोर म्हटलेले आहे. डोक्यावर मोळी घेऊन काही कोस चालत पनवेलचा बाजार गाठणाऱ्या बाईस आळशी म्हणणारी लेखणी कोणत्या कचेरीत बसून चालत असेल, ह्याची कल्पना करता येते. परंतु अशी विशेषणे निरुपद्रवी नसतात. ज्याचे रान सरकारजमा व्हावयाचे आहे तो मुळातच चोर असल्याचे आधी लिहून ठेवलेले असले, म्हणजे पुढील काम सोपे होते.

ते काम एव्हाना पुष्कळ पुढे गेले होते. १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्यांची मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. आरमारासाठी आणि पुढे रेल्वेसाठी लाकूड राखणे हा ह्या खात्याचा प्रधान हेतू होता. १८६५ चा पहिला वनकायदा आणि १८७८ चा दुसरा, अधिक कडक कायदा ह्यांनी राखीव जंगलाची कल्पना रूढ केली. राखीव जंगलात स्पष्टपणे दिलेल्या सवलतीखेरीज कोणताही हक्क उरला नाही. कालपर्यंत ज्याला वहिवाट म्हणत, तिला आज गुन्हा म्हणू लागले. कात पाडण्यासाठी उभा खैर तोडावा लागत असल्याने वनखात्याचा पहिला घाव ह्याच धंद्यावर बसणे अपरिहार्य होते, आणि गॅझेटियरच्या काळापर्यंत तो आटत चालल्याचे दिसते. जमातीच्या नावात कात राहिला. तिच्या हातून मात्र तो गेला.

ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत जंगलबंदीविरुद्ध इतका असंतोष माजला की १८८५ साली सरकारास मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली बाहेर पडला. ह्या कमिशनपुढे मुख्यतः राबाचा प्रश्न गाजला. भाताचे रोप करण्यापूर्वी जमीन भाजण्यासाठी झाडांच्या फांद्या व पालापाचोळा लागतो, आणि तो तोडण्यास बंदी झाल्याने शेतकरी हवालदिल झाला होता. तक्रार करणारा वर्ग हा खातेदारांचा, जमीनदारांचा आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सुशिक्षितांचा होता. वन्य जमातींच्या उपजीविकेचाही विचार त्या निमित्ताने झाला. पण ज्याच्या नावे खाते नाही, ज्याच्याजवळ अर्ज लिहिणारा कारकून नाही, त्याच्या गाऱ्हाण्याचे वजन किती पडणार? राबाचा हक्क ही जमिनीस चिकटलेली सवलत होती. कातकऱ्याच्या हक्कास चिकटावयाला जमीनच नव्हती.

त्याला मिळाली ती दळी. डोंगरउतारावरील झुडुपे तोडून जाळावयाची आणि त्या राखेत नाचणी-वरी पेरावयाची, अशा फिरत्या शेतीस कोकणात दळी म्हणतात. फिरती शेती वनखात्यास मान्य नव्हती. पण ती समूळ बंद केल्यास उपासमार व चोऱ्या वाढतील, हेही दिसत होते. म्हणून ठराविक क्षेत्रे दळीसाठी राखून ती कातकरी व ठाकर ह्यांना लावून देण्याची पद्धत पडली. ही जमीन वनखात्याचीच राहिली आणि कसणारा केवळ मर्जीने कसणारा ठरला. ह्या एका शब्दात पुढील सव्वाशे वर्षांचे वाद दडलेले आहेत.

अबकारीची हकीकत ह्याच जातीची आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने आणि १८९२ च्या मोह्याविषयीच्या कायद्याने घरगुती गाळपावर आणि पुढे मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. उरण हे त्या काळी मोहाची दारू गाळण्याचे मोठे केंद्र होते आणि तेथील भट्ट्यांचा माल मुंबईस जाई. सभोवतीच्या रानात वेचलेल्या फुलांची दारू गाळणारा गुन्हेगार, आणि उरणच्या भट्टीत बाहेरून आणलेल्या फुलांची गाळलेली दारू कर भरून पिणारा मात्र कायदेशीर गिऱ्हाईक, अशी ही व्यवस्था होती. दारूच्या व्यसनाने कातकरी नागवला हे विधान सुधारक व अधिकारी ह्या दोघांच्याही लेखनात येते आणि त्यात तथ्य आहे. परंतु घरची दारू बंद होऊन दुकानाची सुरू झाली तेव्हा व्यसनाबरोबर कर्जही घरात आले, हा भाग बहुधा सांगावयाचा राहून जातो.

कातानंतर कोळसा आला. मुंबई शहर वाढत होते आणि त्याच्या शेगड्यांना कोळसा लागत होता. मक्तेदार जंगलातील कूप विकत घेत, आणि तोडणे, भट्टी रचणे, ती दिवसरात्र राखणे ही कामे कातकऱ्यांकडून करवून घेत. पावसाळ्यात धान्य संपले म्हणजे मक्तेदाराचा मुकादम वाडीवर येऊन उचल देई. दिवाळीनंतर कुटुंब त्याच्यामागून निघे, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब झाला म्हणजे पुष्कळदा अंगावर बाकी निघे. ए. एन. वेलिंग ह्यांचा ‘द कातकरीज’ हा समाजशास्त्रीय ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ही जमात बाहेरच्यांच्या मजुरीवर जगणारी झालेली होती. काताच्या भट्टीत आणि कोळशाच्या भट्टीत वरवर पाहता साम्य दिसते. दोन्हींत रान, आग आणि बाजार आहेतच. भेद हा की पहिल्या भट्टीतील माल कातकऱ्याचा होता आणि दुसऱ्या भट्टीतील कोळशापैकी एक खंडीही त्याची नव्हती. बाहेरच्या जगाशी संबंध तुटला नाही, उलट वाढला. पण त्या संबंधात बोलण्याची जी थोडी शक्ती होती ती गेली. अलगपणाचा खरा आरंभ येथे धरला पाहिजे. बाजारात असूनही बाजारातील पक्ष नसणे, असे त्याचे स्वरूप आहे.

१९३० च्या जंगल सत्याग्रहाकडे ह्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणनजीक चिरनेर गावच्या आक्कादेवीच्या माळावर सत्याग्रही जमले. भोवतालच्या गावांतील आगरी, कोळी व इतर शेतकरी समाज तेथे लोटला होता, आणि डोंगरातील कातकरीही त्यात होते. पोलिसांनी केलेल्या गोळीबारात अनेकजण मारले गेले. पनवेलचे मामलेदार केशव महादेव जोशी ह्यांचाही त्या दिवशी तेथेच अंत झाला. ह्या सत्याग्रहातील हुतात्मा म्हणून नाग्या महादू कातकरी ह्याचे नाव आज आदराने घेतले जाते. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात चिरनेरचे वर्णन मिठाच्या सत्याग्रहाचा वनातील विस्तार म्हणून केले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि विळा घेऊन राखीव रानात शिरणे ही सत्याग्रहीची एका दिवसाची प्रतिज्ञा होती. नाग्यासारख्याच्या घरी तीच गोष्ट आजोबापासून चालत आली होती आणि तिच्याबद्दल फॉरेस्टच्या शिपायाकडून दंड, मार व बेगार हेही चालत आले होते. एकाच माळावर उभ्या राहिलेल्या दोन माणसांचे कारण एकच असते असे नाही.

ह्याच दशकात आदिवासींचे काय करावे, ह्याविषयी देशात मोठा वाद उपस्थित झाला. त्यातील दोन प्रमुख पक्षांपैकी एकाचा निकटचा संबंध मुंबई विद्यापीठाशी आहे. व्हेरियर एल्विन ह्यांनी ‘द बैगा’ ह्या १९३९ च्या ग्रंथात बाहेरच्यांच्या लुटीपासून आदिवासींचे रक्षण करण्यासाठी त्यांचा प्रदेश काही काळ राखून ठेवण्याची कल्पना मांडली. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचा कठोर प्रतिवाद केला. आदिवासी म्हणविले जाणारे लोक हे हिंदू समाजातीलच मागासलेले घटक होत. त्यांना वेगळे काढण्यात ब्रिटिश राज्यकर्त्यांचा स्वार्थ आहे, आणि त्यांचे हित उर्वरित समाजाशी एकरूप होण्यात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोघांच्याही मतात सत्यांश होता आणि दोघांवरही पुढे पुष्कळ टीका झाली. एल्विन स्वतः स्वातंत्र्योत्तर काळात आपल्या आधीच्या कल्पनेपासून दूर गेले.

कुलाब्याच्या दृष्टीने मात्र ह्या वादात एक चमत्कारिक पोकळी दिसते. एल्विन ह्यांचे चित्र मध्य प्रांतातील सलग अरण्यप्रदेशाचे आहे. तेथे जमात एका बाजूस, बाहेरचा माणूस दुसऱ्या बाजूस, आणि दोहोंमध्ये रेघ ओढता येण्याजोगी. कातकऱ्यांची वस्ती अशी नाही. दहा-वीस झोपड्यांची एक वाडी, ती आगरी-कुणब्यांच्या गावाच्या कडेला, पुढची वाडी दुसऱ्या गावाच्या कडेला. रेघ ओढावयाची कोठे? उलटपक्षी, घुर्ये ह्यांच्या एकीकरणाच्या सिद्धान्तास कातकऱ्यांहून समर्पक उदाहरण मिळणे कठीण, कारण ते शतकभर मराठी गावांच्या शेजारी राहून मराठी बाजारासाठी राबत होते. त्या शेजाराचे फलित मात्र गावकुसाबाहेरची, दुसऱ्याच्या जमिनीवरील झोपडी हेच निघाले. एकीकरण झाले होते. पण सर्वांत खालच्या पायरीवर.

कायद्यातही हीच पोकळी उतरली. १९३५ च्या घटना-कायद्यानुसार मुंबई प्रांतात जे ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ ठरविण्यात आले, त्यांत ठाणे जिल्ह्यातील डहाणू, शहापूर, मोखाडे आणि उंबरगाव हे भाग होते. ह्या प्रदेशांतील जमातींची पाहणी करण्यासाठी १९३७ साली डी. सिमिंग्टन ह्या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. सावकारशाही, वेठ आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी पतिपत्नींनी आयुष्यभर राबण्याची लग्नगडीची पद्धत ह्यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही वाचनीय आहे. डहाणू-तलासरीच्या बाजूस १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा जो उठाव झाला, त्याची कारणे त्या अहवालात आधीच लिहिलेली होती. परंतु कुलाबा जिल्हा ह्या यादीत नव्हता. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली अनुसूचित क्षेत्रे जाहीर झाली, १९८५ च्या आदेशाने महाराष्ट्रातील क्षेत्रे नव्याने निश्चित करण्यात आली, तरी रायगड (कुलाब्याचे हे नाव १९८१ सालापासूनचे) त्यांबाहेरच राहिला. परिणामी अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा ‘पेसा’ कायदाही येथे लागू नाही. पेण येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, योजना आहेत. पण भूमीवर जमातीचा म्हणून काही विशेष अधिकार मानणारी चौकट नाही. कातकरी व्यक्तिशः अनुसूचित जमातीचा आहे, आणि तो राहतो ती जागा कोणत्याही अनुसूचीत नाही.

स्वातंत्र्योत्तर जमीनसुधारणांचा उल्लेख येथे थोडक्यात पुरे. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चे खोती-निर्मूलन आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन ह्यांनी कुलाब्यातील कुळांस मालक केले. कुळ म्हणून कागदोपत्री नोंद असणे ही त्याची पहिली अट होती, आणि कातकरी क्वचितच त्या अटीत बसला.

ह्यानंतर शहर आले. १७ मार्च १९७० रोजी ‘सिडको’ची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गावांच्या, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नव्या नगरीची आखणी सुरू झाली. जमिनी गेल्या त्या मुख्यतः आगरी शेतकऱ्यांच्या. भाताची शेते, मिठागरे, खाजणे. त्यांच्या लढ्याचा इतिहास प्रसिद्ध आहे. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जासई-दास्तान फाटा परिसरातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच बळी घेतले, आणि त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले. भारतातील भूसंपादनाच्या इतिहासात हे तत्त्व महत्त्वाचे आहे आणि ते मिळविण्यासाठी भूमिपुत्रांनी मोजलेली किंमत मोठी आहे. त्यांच्या यशास यत्किंचितही उणेपणा न आणता एवढे नमूद केले पाहिजे की, साडेबारा टक्के कशाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर सातबाऱ्याच्या उताऱ्यावर होते. ज्याचे नाव उताऱ्यावर नाही, त्याच्या शून्याचे साडेबारा टक्के शून्यच. शेतमालकाच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या राबलेला कातकरी ‘प्रकल्पग्रस्त’ ह्या संज्ञेतही बसला नाही. प्रकल्पामुळे शेती गेली तेव्हा मालकास मोबदला मिळाला, मजुराचे मजुरीचे शेत नुसतेच गेले. त्याच सुमारास रानाच्या बाजूनेही सीमा आवळत होती. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ साली जाहीर झाले, आणि शहराच्या विटा व खडी ह्यांसाठी डोंगर व माती खोदली जाऊ लागली.

विटांचा विषय येथे थोडा अधिक पाहणे इष्ट आहे. जंगलतोडीवरील निर्बंध आणि घरगुती गॅसचा प्रसार ह्यांमुळे कोळशाच्या भट्ट्या हळूहळू विझल्या. त्यांची जागा वीटभट्ट्यांनी घेतली. मुंबई, ठाणे, कल्याण, पनवेल ह्या पट्ट्यातील बांधकामास लागणारी वीट पाडण्यासाठी रायगडमधील कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वाड्या सोडून जाऊ लागली आणि अजूनही जातात. पद्धत कोळशाच्या काळातीलच आहे. गरजेच्या वेळी उचल, नवराबायको मिळून एक जोडी, मुले बरोबर, हंगामअखेर हिशेब. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी नष्ट झाली आणि त्याच्या आधाराने ठाणे जिल्ह्यात १९८० नंतरच्या दशकात संघटनांनी अनेक वेठबिगारांची मुक्तताही करविली. परंतु कायद्याच्या दृष्टीने उचल ही केवळ आगाऊ मजुरी ठरविणे मालकास फारसे अवघड जात नाही. मुलांच्या शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि वीटभट्टीचे वर्ष दिवाळीनंतर. दोहोंत भट्टीचाच विजय होतो. कातकरवाडीतील शाळेच्या हजेरीपटावर पटसंख्या पूर्ण आणि पौषात वर्ग रिकामा, हे दृश्य ह्या कालगणनेचे फळ आहे.

पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र सरकारने जमातींमधील अतिमागास अशा काहींची ‘आदिम जमाती’ म्हणून वेगळी गणना केली. महाराष्ट्रातील कोलाम, माडिया गोंड व कातकरी ह्या तिघींचा तीत समावेश झाला. ह्या गणनेच्या निकषांत शेतीपूर्व अवस्थेतील उत्पादनतंत्र, अत्यल्प साक्षरता आणि वाढ खुंटलेली लोकसंख्या हे मुद्दे होते. माडिया आणि कातकरी ह्यांना एकाच पंक्तीत बसविण्यातील अडचण येथे उघड होते. भामरागडचा माडिया खरोखरच आपल्या प्रदेशात बहुसंख्य आणि दूर आहे. कातकऱ्यास दळीपलीकडे शेती करू दिली नाही, आणि मग शेतीपूर्व अवस्थेत असल्याचे प्रमाणपत्र दिले. लोकसंख्येचे म्हणाल तर २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २,३५,००० असलेली ही जमात २०११ मध्ये सुमारे २,८५,००० झाली. तिची वाढ खुंटलेली नाही. खुंटली आहे ती तिची जागा. आदिम हा शब्द अलीकडे गाळून ‘विशेषतः असुरक्षित’ असा शब्द योजिला जातो, आणि तो अधिक बरोबर आहे. असुरक्षितता ही कोणामुळे तरी आलेली असते. आदिमतेला तसा कर्ता लागत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने दळीच्या जुन्या प्रश्नास नवी वाट दिली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासीस हक्क मागता येतो. रायगडमध्ये ‘सर्वहारा जन आंदोलन’ सारख्या संघटनांनी दळीधारकांची बाजू त्यापूर्वीपासून लावून धरली होती. जुन्या दळ्या पुष्कळदा समूहाच्या किंवा एकाच म्होरक्याच्या नावे लावलेल्या असल्याने आज कोणत्या कुटुंबाचा तुकडा कोणता, हे ठरविणे जिकिरीचे होऊन बसले आहे. ज्या एकोणिसाव्या शतकातील कागदांनी कातकऱ्यास मर्जीचा कसणारा ठरविले, तेच कागद आता हक्काचा पुरावा म्हणून शोधावे लागतात.

आणि वाडीखालच्या जमिनीचे काय? डॅनिएल बकल्स व राजीव खेडकर ह्यांनी रायगड-ठाण्यातील कातकरी वाड्यांचा अभ्यास करून २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्याच प्रश्नास मध्यवर्ती स्थान दिले आहे. अनेक वाड्या खाजगी मालकाच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. मजूर हाताशी असावा म्हणून मालकाच्या आजोबानेच त्यांना तेथे बसविले; गावठाण म्हणून त्या जागेची नोंद कधी झाली नाही. शेतीस मजूर हवा होता तोवर झोपडी ही मालकाची सोय होती. मुंबई-गोवा मार्ग, द्रुतगती मार्ग, न्हावा-शेवा बंदर आणि विमानतळ ह्यांच्या योगाने जमिनीचा भाव चढला, मालकी नातवाकडून विकासकाकडे गेली, आणि तीच झोपडी अडचण झाली. कुंपण घालणे, पाण्याची वाट अडविणे, स्मशानाकडे जाऊ न देणे अशा मार्गांनी वाडी उठविली जाते. हुकूमनाम्याची गरज पडतेच असे नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळगडाखालच्या ठाकरांच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. वाचलेल्यांसाठी चौकनजीक ४४ घरे बांधण्यात आली, आणि ती बांधण्याचे काम सिडकोने केले. वाडीस मोटारीचा रस्ता नव्हता. बातमी देणाऱ्या अनेकांनी तिला जगापासून तुटलेली वस्ती म्हटले. तिच्या कड्यावरून पनवेलचे दिवे दिसत.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने विशेषतः असुरक्षित जमातींसाठी ‘पीएम-जनमन’ ही योजना सुरू केली. घर, पाणी, रस्ता, वीज ह्यांची तीत तरतूद आहे, आणि रायगडमधील कातकरी तिचे मोठे लाभार्थी ठरावयास हवेत. घरकुलाचा अर्ज भरताना त्यांना पहिल्याच पानावर विचारले जाते की, घर ज्यावर बांधावयाचे ती जागा कोणाच्या नावे आहे.